जुन्या फ्रेंच घड्याळाचे सुटे भाग: काय मागवावं, काय तालुक्यातच करून घ्यावं

आधी निकाल सांगून टाकतो. गोल पितळी मशीनच्या जुन्या फ्रेंच टेबल-घड्याळासाठी परदेशी कॅटलॉगमधून तीन वस्तू निर्धास्त मागवाव्यात: लंबक लटकवायची पत्ती, मुख्य स्प्रिंग आणि चावी. लंबक, काटे आणि फुगीर काच मापं नीट घेतली तर मागवता येतात. चक्रं, पिनियन (चक्राच्या आसावरचं बारीक दातेरी चाक), पॅलेट (शेवटच्या चक्राचा एकेक दात अडवून सोडणारा भाग), स्क्रू हे मात्र कुणी ‘याच कंपनीचे ओरिजिनल’ म्हणून विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

याचं कारण घड्याळ कसं बनायचं यात आहे. फ्रान्सच्या पूर्वेकडे, बोकूरला जापी आणि माँबेलियारच्या आसपास मार्ती, व्हिन्सेंती असे कारखाने होते. तिथे कच्ची मशीनं घाऊक तयार व्हायची आणि पॅरिसमध्ये ती घासून, जुळवून, पेटीत बसवून विकली जायची. प्लेटची भोकं आणि चक्रांचा आस हे त्या त्या मशीनपुरते हातानं जुळवलेले असायचे. म्हणून एका मार्तीचं चक्र दुसऱ्या मार्तीत अलगद बसेल, ही आशा सोडावी. भाग नावावर मिळत नाही, मापावर मिळतो. मापासाठी लागतो ०.०१ मिमी दाखवणारा डिजिटल कॅलिपर. साध्या पट्टीवर घेतलेलं माप पाठवलं तर चुकीचा माल येणार, हे धरूनच चाला.

मुळात घड्याळ फ्रेंच आहे का? भंडारा-चंद्रपूरकडच्या मालगुजारांच्या वाड्यांत आणि वऱ्हाडातल्या कापूस-व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत ‘फ्रेंच’ म्हणून दाखवली जाणारी बरीच घड्याळं अमेरिकन किंवा जर्मन निघतात. काळ्या दगडासारखी दिसणारी पेटी बघून फसू नका. तशा पेट्या अमेरिकनांनी रंगवलेल्या लाकडाच्याही केल्या. मागचं झाकण उघडा. मशीनच्या दोन्ही प्लेटा गोल आणि जाड, स्प्रिंगा बंद पितळी ड्रममध्ये, मागे घंटेची वाटी किंवा वेटोळी तार, असं असेल तर फ्रेंच असण्याची शक्यता दांडगी. स्प्रिंगचे वेढे उघडे दिसत असतील तर ते बहुधा अमेरिकन. ड्रम आहेत पण प्लेट चौकोनी आहे, तर जर्मनकडे संशय घ्यावा.

तबकडीवरचं नाव जवळजवळ निरुपयोगी. मुंबई-कलकत्त्याच्या किंवा पॅरिसच्या दुकानदाराचं ते नाव असतं, बनवणाऱ्याचं नाही. खरी माहिती मागच्या प्लेटवर ठोकलेली असते. तिथे गोल शिक्का असतो आणि त्यात बनवणाऱ्याचं नाव नि प्रदर्शनातलं पदक. व्हिन्सेंतीच्या शिक्क्यात १८५५ चं रौप्यपदक दिसतं, मार्तीच्या उत्तरकाळच्या शिक्क्यात १९०० चं सुवर्णपदक. हे घड्याळ बनल्याचं साल नव्हे. पदक मिळाल्यावर तोच शिक्का पुढे वर्षानुवर्षं चालायचा. घड्याळ त्या सालाच्या आधीचं नाही, एवढंच त्यावरून ठरतं. कुठे ‘मेड इन फ्रान्स’ असं इंग्रजीत असेल तर घड्याळ बहुधा १८८७ नंतरचं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये मालावरच्या खुणांचा कायदा आला आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानातही तसाच झाला.

शिक्क्याशिवाय प्लेटवर दोन प्रकारचे आकडे असतात. तीन-चार-पाच अंकी लांब आकडा हा मशीनचा क्रमांक. तोच आकडा लंबकाच्या गोळ्यामागे सापडला तर लंबक मूळचा आहे. दुसरा असतो तो छोटा, मध्ये जागा सोडलेला जोडआकडा, उदाहरणार्थ ‘५ ५’. हे लंबकाचं माप आहे, जुन्या फ्रेंच इंच-रेषांत. एक पूस म्हणजे २७.०७ मिमी, त्याचा बारावा भाग लीन्य म्हणजे २.२५६ मिमी. ‘५ ५’ म्हणजे सुमारे १४६.६ मिमी. विक्रेते हा आकडा बघून त्याला ‘मॉडेल नंबर’ म्हणतात. तो मॉडेल नंबर नाही, आणि लंबक हरवला असेल तर या आकड्याइतकी मोलाची खूण घड्याळावर दुसरी नाही.

आता पत्तीकडे येऊ, कारण दहातल्या बहुतेक बंद घड्याळांत दुखणं इथेच असतं. १८४० च्या दशकापासून पुढे बहुतेक फ्रेंच मशीनांत आशिल ब्रोको (१८१७–१८७८) याच्या नावाची टांगणी आहे. वर-खाली पितळी ठोकळे आणि मध्ये दोन पातळ पोलादी पट्ट्या, हे या पत्तीचं रूप. तबकडीवर १२ च्या वर एक बारीक चौकोनी टोक दिसतं. ते फिरवलं की मशीनमागे एक फटीचा जबडा पट्ट्यांवरून वर-खाली सरकतो आणि लंबकाची कामाची लांबी बदलते. शेजारी ‘आर’ म्हणजे मंद, ‘ए’ म्हणजे जलद. इंग्रजी बाजारासाठी बनलेल्या घड्याळांवर ‘एस’ आणि ‘एफ’. घड्याळ उचलून दुसरीकडे नेताना लंबक काढला नाही की या पट्ट्यांना मोड पडतो. मोड पडलेली पत्ती सरळ करून बसवायची खटपट करू नका. लंबक वाकडा झुलतो, पाच-दहा मिनिटांत थांबतो, आणि घरचे मशीनला दोष देत बसतात.

बाजारात तयार मिळणाऱ्या ब्रोको पत्त्यांना आम्ही पाचपैकी चार देऊ. अमेरिकेतल्या टाइमसेव्हर्स आणि इंग्लंडमधल्या कझिन्ससारख्या पुरवठादारांच्या यादीत त्या मापांसह असतात. मागवताना पाच मापं घ्या: एकूण उंची, वरच्या ठोकळ्याची रुंदी आणि जाडी, खालच्या ठोकळ्याची रुंदी, आणि वरच्या-खालच्या पिनांमधलं अंतर. जुनी पत्ती तुटून तिचा अर्धाच भाग उरला असेल तर जबड्याच्या फटीची रुंदी घ्या. नव्या पत्तीचा पितळी ठोकळा बहुधा एखादा केस जाड असतो. तो बारीक कानशीनं घासून बसवायचा. जबड्याची फट घासायची नाही, ती एकदा ढिली झाली की वेळेचं गणित कायमचं गेलं. पाचवा गुण आम्ही कापला तो पट्ट्यांच्या जाडीसाठी. एकाच नावाखाली वेगळ्या जाडीचा माल येतो. पत्ती ताठ असली की घड्याळ पुढे पळतं आणि झोका लहान होतो. कमकुवत स्प्रिंगवर ते थांबतंच. एक पत्ती कधीच मागवू नका, तीन मागवा. पत्तीपेक्षा टपालखर्च जास्त पडतो, आणि बसवताना एक वाकणारच.

त्याआधीच्या आणि साधारण १८५० पर्यंतच्याही बऱ्याच मशीनांत पत्तीच नसते, रेशमाच्या दोऱ्याचा फास असतो. त्यासाठी काही मागवायची गरज नाही. भंडाऱ्याकडचा कोसा घरात असेल तर तो वापरायचा मोह होतो, पण कोशाचं सूत असमान आणि त्याला तंतू सुटतात. भरतकामाचं गुळगुळीत, पिळाचं रेशीम घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात हे रेशीम ओल धरतं, लांबतं आणि घड्याळ मागे पडतं. ते दुरुस्तीचं नव्हे, ऋतूचं काम आहे. मृग लागला की समायोजन फिरवायचं, दिवाळीनंतर परत आणायचं.

मुख्य स्प्रिंगच्या बाबतीत मालापेक्षा मागवणाऱ्याचीच चूक जास्त होते. फ्रेंच मशीनमध्ये दोन ड्रम असतात, एक चालीचा, एक टोल्यांचा. चार मापं कळवायची: स्प्रिंगची उंची, जाडी, लांबी आणि ड्रमचा आतला व्यास. लांबी तुटक्या तुकड्यांवरून मोजता येत नसेल तर हिशेब करा. नियम असा की ड्रमची भिंत आणि आस यांमधल्या जागेचा अर्धा भाग स्प्रिंगनं भरावा. आतला व्यास ३६ मिमी आणि आस १२ मिमी धरला, तर त्रिज्या १८ आणि ६. मधलं क्षेत्रफळ सुमारे ९०५ चौरस मिमी, त्याचा अर्धा ४५२. जाडी ०.४० मिमी असेल तर ४५२ भागिले ०.४० म्हणजे सुमारे ११३० मिमी लांबी. उंची ड्रमच्या आतल्या खोलीपेक्षा थोडी कमी हवी, नाहीतर झाकण घासतं.

‘०.४० नाही, ०.४५ आहे, चालेल का?’ असं विचारलं की विक्रेता हमखास ‘चालेल’ म्हणतो. नाही चालणार. स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.४५ ची स्प्रिंग ०.४० पेक्षा सुमारे ४२ टक्के जास्त जोर लावते. काही महिने घड्याळ झकास पळेल, मग भोकं लंबगोल होतील. मिळत नसेल तर पातळ घ्या, जाड नको. आणखी एक दोष नव्या स्प्रिंगांत सर्रास दिसतो: आतलं पहिलं वेटोळं मोठं असतं, त्यामुळे आसाच्या आकड्यात भोक अडकत नाही आणि चावी फिरतच राहते. गोल चिमट्यानं ते वेटोळं आसापेक्षा किंचित लहान करून घ्यावं लागतं. हे माहीत नसलेला माणूस ‘माल खराब’ म्हणून परत पाठवायला निघतो.

इथे हात जपा. प्लेटा सोडवण्याआधी दोन्ही ड्रमची ताकद उतरवलीच पाहिजे. चावी घट्ट धरायची, ड्रमला उलटं फिरू न देणारी खिट्टी उचलायची आणि चावी हातात अर्धा-अर्धा वेढा सरकू द्यायची. ड्रममधून स्प्रिंग हातानं ओढून काढली तर ती कापते आणि शंकूसारखी वाकते. स्प्रिंग गुंडाळायचं यंत्र नसेल तर हे काम करूच नका, बाहेर द्या. जुनी स्प्रिंग तुटली असेल तर झटका पुढे गेलेला असतो. ड्रमचे दात आणि त्याला लागून असलेलं पहिलं पिनियन भिंगाखाली बघितल्याशिवाय नवी बसवू नका.

चावी हा सगळ्यात सोपा भाग, तरी लोक त्यातच मशीन खराब करतात. चावी बसते त्या दोन्ही चौकोनी टोकांचं कडा-ते-कडा माप घ्या. बहुधा ४ ते ५ मिमीच्या आसपास येतं. दुहेरी चावीचं बारीक टोक १२ वरच्या चौकोनासाठी, ते २ मिमीच्या आसपास. बाजारातली पाच टोकांची तारा-चावी तपासणीपुरती ठीक, रोजच्या वापराला नको: तिची बाकीची टोकं तबकडीच्या मिन्यावर घासतात. ढिली चावी चौकोनाचे कोपरे गोल करते, आणि मग कुठलीच चावी लागत नाही.

लंबक हरवला असेल आणि प्लेटवर जोडआकडा नसेल, तर दात मोजा. मधल्या चक्राचे दात, तिसऱ्या चक्राचे दात आणि सुटकेच्या चक्राच्या (पॅलेट ज्याचे दात सोडतं त्या शेवटच्या चक्राच्या) दातांची दुप्पट यांचा गुणाकार करा. दोन्ही पिनियनांच्या गुणाकारानं भागा. समजा ८४, ७८ आणि ३५ दात, पिनियन ७ आणि ७. ८४ × ७८ × ७० भागिले ४९ म्हणजे तासाला ९,३६० ठोके. लांबी = ९९४ × (३६०० ÷ ९३६०)² म्हणजे १४७ मिमी. वरचा ‘५ ५’ आठवा, दोन्ही जुळतात. ही लांबी पत्तीच्या वाकणाऱ्या बिंदूपासून मोजायची. दांडीच्या वजनामुळे गोळ्याचा मध्य प्रत्यक्षात थोडा खाली येतो. तयार लंबक मिळतात, पण आमचं मत असं की हा भाग तालुक्याच्या लेथवाल्याकडून करून घ्यावा. पितळी चकती, मागे शिसं, खाली बारीक आट्याची दांडी आणि नट, वर पिनेत अडकणारा आकडा. मोटरपंपाचे बुश काढणाऱ्या माणसाला हे काम तासाभराचं आहे.

त्याच लेथवाल्याकडे मशीनच्या प्लेटची भोकं मात्र नेऊ नका. त्याचा हात मिलिमीटरचा आहे आणि इथे काम शतांशाचं. भोक झिजलं की शेजारी पंच मारून ते आवळायची जुनी सवय खेड्यापाड्यांत अजून आहे. घड्याळ दोन वर्षं चालतं, मग भोक पुन्हा लंबगोल, आणि प्लेटवर कायमची खूण. बुश (झिजलेल्या भोकात बसवायची पितळी कडी) बसवणारा माणूस नागपूर-अमरावतीकडे शोधा आणि काम देण्याआधी एकच विचारा: बुश पितळी नळीतून काढता की पंच मारता?

काटे मागवायचे तर मिनिटकाट्याचं भोक चौकोनी, तासकाट्याचं गोल, आणि तो नळीवर नुसता दाबून बसतो. मध्यापासून टोकापर्यंत लांबी मोजा. मिनिटकाटा मिनिटांच्या वर्तुळाला टेकावा, तासकाट्यानं आकड्याच्या आतल्या कडेपर्यंत जावं. भोक लहान मागवून घासून मोठं करा. मोठं आलं तर उपाय नाही.

स्क्रूंवर वेगळं सांगायला हवं. जुन्या फ्रेंच आट्या आजच्या एम २.५, एम ३ शी जुळत नाहीत. नवा स्क्रू बसत नाही म्हणून भोकात टॅप फिरवणारा कारागीर दिसला की घड्याळ उचलून घरी या. स्क्रू भोकाप्रमाणे करायचा. मशीन पेटीत धरून ठेवणाऱ्या दोन पितळी पट्ट्या मात्र स्थानिक सोनारही करून देतो.

ज्या घड्याळाचं सुटकेचं चक्र आणि पॅलेट तबकडीवरच, १२ च्या खाली दिसतं, त्याच्या पॅलेटला दोन अर्धगोल लाल दगड असतात. ते चपड्यानं, म्हणजे लाखेनं चिकटवलेले. दगड निसटून पेटीत पडलेला असतो, आधी तो शोधा. नवा घ्यायचा तर व्यास मोजून. बसवायला गोंदिया-गडचिरोलीकडच्या पळसावरचीच लाख चालते, पॉलिशवाल्याकडचा स्वच्छ चपडा घ्या. फेविक्विक नको. दगडाचा चपटा भाग कुठे वळलेला आहे याचा फोटो काढल्याशिवाय दुसऱ्या दगडाला हात लावू नका.

तेलाबद्दल कठोरपणे लिहावं लागतं, कारण विदर्भातली निम्मी फ्रेंच मशीनं तेलानंच मेलीत. जवस आपल्या घरात असतो, पण जवसाचं तेल वाळून वार्निश होतं आणि चाकं जागच्या जागी चिकटतात. खोबरेल नागपूरच्या डिसेंबरात थिजतं. शिलाई मशीनचं तेल पसरून निघून जातं. घासलेटनं धुतलेल्या मशीनवर पातळ थर उरतो आणि त्यावर कापसाचा तंतू चिकटतो; जिनिंगच्या गावात हे लगेच दिसतं. घड्याळाचं तेल छोट्या बाटलीत मिळतं. भोकागणिक एक थेंब, दातांना अजिबात नाही. ‘चालते न बाप्पा, कायले खोलता?’ असं ऐकायला मिळेल. काळं पडलेलं तेल दिसत असेल तर खोला, कारण त्यातली धूळ भोक घासतेच आहे.

मेमध्ये घड्याळ मागे पडलं म्हणून भाग मागवायला धावू नका. पितळी दांडी प्रत्येक अंश तापमानाला दिवसाला सुमारे ०.८ सेकंद मागे टाकते, पोलादी सुमारे अर्धा. खोली हिवाळ्यात १५ अंश आणि उन्हाळ्यात ४० झाली तर पितळीवर दिवसाला २० सेकंदांचा फरक येणारच. १२ वरचं टोक थोडं फिरवा.

काचेच्या पेटीचं आणि वर मूठ असलेलं प्रवासी घड्याळ असेल तर लंबक आणि पत्तीबद्दलचं वरचं काहीच लागू नाही. तिथे लंबक नसतो, वर आडवी पाटी असते आणि तिच्यावर बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे फिरणारं चाक. ही पाटी पूर्ण बदलता येते: लांबी, रुंदी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि पिनियन किती खोल उतरतं ते मोजून मागवा. जुनी पाटी फेकू नका, तिच्याविना घड्याळाची किंमत उतरते.

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, मोडकी फ्रेंच मशीनं सुटी मिळतात. एखादी घंटा, हातोडी, काचेची कडी यांसाठी ती घेणं शहाणपणाचं, चक्रांसाठी नाही. कॅलिपर आणि तुमच्या प्लेटचा फोटो खिशात असू द्या, आणि पेटी बघून नव्हे तर मशीनची जाडी बघून भाव करा.

मागवण्याचा व्यवहार: एका पार्सलमध्ये पत्त्या, स्प्रिंग आणि चावी एकत्र घ्या, कारण सीमाशुल्क आणि कुरियरचा हाताळणीखर्च दर पार्सलला लागतो. पत्त्यावर तालुक्याचं गाव द्या. खेड्याच्या पिनकोडवर खासगी कुरियर बऱ्याचदा पोचत नाही आणि पार्सल नागपूरच्या गोदामातूनच परत फिरतं. ऑनलाइन बाजारातल्या बिननावाच्या ‘युनिव्हर्सल फ्रेंच स्प्रिंग’ पाकिटांना आम्ही शून्य देतो: वर माप लिहिलेलंच नसतं.